शंभर मीटर म्हणजे दोन मिलिमीटर

‘‘टोपोशीटवर आपली कसबा पेठ जेमतेम एक सेंटिमीटर भरते,’’ सर म्हणाले आणि त्यांनी ४७ एफ/१४ क्रमांकाच्या नकाशावर बोट टेकवलं. बोटाखाली अख्खी पेठ झाकली, शनिवारवाडा झाकला, मुठेचा थोडा काठही. ‘‘एक सेंटिमीटर म्हणजे पाचशे मीटर. आता आपल्याला या एका सेंटिमीटरच्या आत चालायचंय.’’ लाल महालापाशी जमलेल्या भूगोलाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी माना डोलावल्या. दोघांनी नकाशाचा फोटो काढून घेतला. एकाचं लक्ष वडापावच्या गाडीकडे होतं.

मी त्यांच्यामागे गेले ते एका होकायंत्रामुळे. थोडे दिवस आधी तांबट आळीतून जाताना तिवईवर बसवलेल्या प्रिझमॅटिक कंपासवर वाकून एक मुलगी सुईला दटावताना दिसली होती. ‘‘गप बस की जरा!’’ बोलण्यावरून सोलापूरकडची वाटली, निघाली करमाळ्याची. एका ठिकाणाहून दुसऱ्याचा कोन घ्यायचा, मग तिकडे जाऊन पहिल्याचा. दोन्हींत बरोबर १८० अंशांचा फरक यायला हवा. तिचा जमत नव्हता. जवळपास लोखंड असलं की सुई ढळते, याला ही मुलं ‘लोकल अॅट्रॅक्शन’ म्हणतात. गल्लीभर हंडे, बंब, पातेली चमकत होती, पण तांब्याचं सुईला काहीच सोयरसुतक नसतं. खोडी काढत होत्या तांबटांच्या ऐरणी, दुकानांची शटरं आणि ओळीनं लावलेल्या मोटरसायकली. तिनं वहीत ‘मोटरसायकली’ असं लिहून घेतलं, पुढं प्रश्नचिन्ह केलं आणि जागा बदलली. भूगोल म्हणजे राजधान्या पाठ करणं, या समजुतीत मी शाळा संपवली होती. ते प्रश्नचिन्ह मला आवडलं.

अभ्यासक्रम सांगायचा तर नकाशांची चिन्हं, साखळी-टेप, प्लेन टेबल, डंपी लेव्हल, शेवटी संगणकावर क्यूजीआयएस आणि या सगळ्याचं सह्या झालेलं जर्नल. निम्म्या मुलांनी हा विषय ‘एमपीएससीला पडतो’ म्हणून घेतलेला असतो, हे सर स्वतःच सांगतात. ते सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते, हे मला थोडं खटकलं.

या वेळचं काम होतं भूमी-उपयोग पाहणीचं. प्रत्येक मिळकतीसमोर उभं राहायचं, मजले मोजायचे, बांधकाम कशाचं ते लिहायचं, वापर कसला ते विचारायचं आणि नकाशावर रंग भरायचा. राहतं घर पिवळं, दुकान निळं, कारखाना जांभळा, सार्वजनिक-निमसार्वजनिक लाल, मोकळी जागा हिरवी. कोथरूडच्या सोसायटीत हे काम सकाळच्या चहाआधी उरकेल. कसब्यात पहिल्याच वाड्यापाशी अडलं. पुढच्या पडवीत ठोकठोक, मठारकाम चाललेलं. आत कलईची भट्टी. नवसागराचा पांढरा, घशात बसणारा धूर. त्यापलीकडे चौकात वाळत घातलेले कपडे, देवघर, स्वयंपाकघर. वर दोन खोल्या भाड्यानं, तिथं परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं.

‘‘सर, ह्याला कुठला रंग?’’

‘‘मुख्य वापर कुठला?’’

‘‘तेच तर विचारतेय.’’

आळीतल्या एका वयस्क तांबटांनी हातोडा न थांबवता प्रकरण मिटवलं. ‘‘आमचं घर लिहा. काम काय, घरातच असतंय.’’ मुलीनं पिवळी पेन्सिल उचलली, मग ठेवून दिली. तो नवसागराचा वास माझ्या ओढणीला पुढे कितीतरी वेळ होता, आणि रंगांची ती यादी आठवली की आजही तोच वास येतो. तो धूर पिवळ्यात कसा मावणार? आणि जांभळा द्यावा तर राहत्या वस्तीतला कारखाना म्हणून उद्या कुणी त्याला बाहेर काढायला निघेल. रंग देणारी मुलगी पुढच्या वर्षी पदवी घेऊन जाईल. रंग मागे राहील.

हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेण्याची चाल जुनी आहे. रंगून विद्यापीठात शिकवून परतलेल्या डडली स्टॅम्प या भूगोलतज्ज्ञानं १९३०च्या दशकात ब्रिटनचा भूमी-उपयोग असाच नोंदवला. शाळा-कॉलेजांतली मुलं नकाशे घेऊन शेतं तुडवत फिरली. महायुद्धात अन्नधान्य वाढवायची वेळ आली, पुढे देशाच्या नियोजनाचा विचार सुरू झाला, तेव्हा ते नकाशे टेबलावर आले. पुण्यातही दाखला आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेनं धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली; तिचा पहिला भाग १९४५ साली आणि दुसरा १९५२ साली छापला गेला. कुठल्या घरात कोण राहतं, काय कमावतं, हे दारात जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही, एवढं या शहराला तेव्हाच ठाऊक होतं.

कायद्यालाही ते ठाऊक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याचं कलम २५ सांगतं की विकास आराखड्याआधी क्षेत्राची पाहणी करून सध्याच्या भूमी-उपयोगाचा नकाशा तयार करावा. म्हणजे करमाळ्याची ती मुलगी जे करत होती, नेमकं तेच. पण आराखडा करणारी माणसं वेगळ्या इमारतीत घडतात. मुठेपलीकडे शिवाजीनगरला सीओईपी या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत नियोजनाची चार वर्षांची पदवी आहे. तिची वाट अभियांत्रिकीच्या जगातून जाते. भूगोल कला आणि विज्ञान शाखेत. फ्रान्समध्ये ‘भूगोल आणि प्रदेश-नियोजन’ अशी तीन वर्षांची एकच पदवी असते, स्पेनमध्येही जोडविषयाची तशीच पदवी आहे. तिथली शहरं त्यामुळे सुखी झालीत असं मी म्हणणार नाही. नियोजनाच्या विद्यार्थ्यांनाही स्टुडिओसाठी वस्तीत फिरावं लागतं, तेही खरं. तरी एकाच शहरात एकाला मोजायला शिकवायचं, दुसऱ्याला नियम शिकवायचे आणि दोघांची गाठ घालून द्यायची नाही, हा प्रकार मला शहाणपणाचा वाटत नाही. का, ते शिवाजी रस्त्याच्या कडेच्या एका वाड्यात दिसलं.

वाड्याला टेकू दिलेले. ओसरीवर आजी बसलेल्या. मुलीच्या हातातला टेप पाहून त्यांनी सरळ विचारलं, ‘‘बाळ, आम्ही शंभराच्या आत का बाहेर?’’

मुलीला कळेना. आजींनी समजावलं. शनिवारवाडा संरक्षित स्मारक. २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीचा भाग. आत असलं तर दुरुस्तीपुरती परवानगी मागायची, वाडा उतरवून नवा बांधायचा नाही. बाहेर असलं तर निदान बिल्डर दारात तरी येतो. ‘‘दोघं येऊन गेले. एक म्हणाला आत, एक म्हणाला बाहेर. तुझ्याकडे टेप आहे ना? मग मोज की.’’

‘‘आजी, पण कुठून मोजायचं?’’

माझ्या मते त्या सगळ्या पाहणीतला सर्वांत नेमका प्रश्न हाच होता. तटाच्या भिंतीपासून? बुरुजाच्या पोटापासून? कायदा म्हणतो, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. आणि ती हद्द भिंतीवर रंगवलेली नसते. तरी वाहनं कमी असताना भल्या सकाळी येऊन तिनं आणि दोन मुलांनी तटापासून मोजलं. तीस मीटरचा टेप, मध्ये शिवाजी रस्ता, पीएमपीची बस आली की टेप जमिनीला दाबून धरायचा. उत्तर आलं: ओसरी शंभराच्या आत, मागची मोरी बाहेर.

सरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि फळ्याकडे वळले. ‘‘टोपोशीटवर शंभर मीटर म्हणजे किती?’’ मुलं हिशेब करू लागली. दोन मिलिमीटर. ‘‘आणि तुमच्या पेन्सिलची रेघ पाव मिलिमीटर जाड असली तर?’’ साडेबारा मीटर. आजींचा वाडा त्या रेघेतच गडप होतो. म्हणून असल्या कामाला टोपोशीट चालत नाही, सिटी सर्व्हेचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे लागतात, हा धडा त्यांनी घेतला. चांगला घेतला. पण दोन मिलिमीटर हा आकडा मला त्यानंतर सारखा टोचत राहिला.

प्रयोगशाळेत संगणकावर हेच काम सोपं दिसलं. शनिवारवाड्याची आकृती निवडायची, ‘बफर’ म्हणायचं, शंभर टाकायचं. पडद्यावर गुलाबी पट्टा उमटला आणि आजींच्या चौकातून गेला. मुलीनं आकृती बाहेरून थोडी रुंद धरली, पट्टा मोरी गिळून पुढे सरकला. आतून धरली, ओसरीही सुटली. तिनं दोनतीनदा हे केलं. मग मागे वळून म्हणाली, ‘‘सर, हे तर आपण म्हणू तसं होतंय.’’

तांबट आळीच्या वाड्याचा रंगही तिनं तोवर ठरवला होता. एक चौकोन न रंगवता तिनं तक्त्यात मजल्यांचे वेगळे रकाने पाडले आणि शेऱ्यात ‘वापर वेळेनुसार बदलतो, दुपारी चारनंतर ठोकठोक बंद’ असं लिहिलं. नकाशात हा शेरा दिसणार नाही. सरांनी गुण मात्र कापले नाहीत.

आजींना द्यायला तिला बफरचा प्रिंट हवा होता. सर कचरले. लोक असले कागद सरकारी समजतात, म्हणाले. शेवटी खाली ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ असं ठळक छापून, तटाच्या भिंतीपासून मोजल्याचं लिहून, हद्दीची अधिकृत खात्री पुरातत्त्व खात्याकडून करून घ्यावी अशी ओळ घालून तो निघाला. मी सोबत गेले. आजींनी चष्मा लावून कागद वरखाली पाहिला, स्वतःचा वाडा बरोबर ओळखला, मोरीसुद्धा.

‘‘शिक्का कुठाय?’’ त्यांनी विचारलं.

शिक्का नाही, असं मुलीनं सांगितलं. ‘‘मग तुमच्या प्रिन्सिपलना सांग की मारायला.’’