घरचा हिशेब (भाग ७) : वय सोळा, धंदा स्वतःचा, सही कोणाची?

परीक्षा आटोपल्या की सोलापुरात घरोघरी छोटे धंदे डोकं वर काढतात. अकरावीतली मुलगी आरी वर्कचे ब्लाउज करून देते. कुणी शेंगा चटणीची पाकिटं भरून पुण्या-मुंबईला पाठवतं. कुणी नवी पेठेतल्या दुकानांसाठी इन्स्टाग्रामच्या जाहिराती करतं. मागच्या भागात आपण घरगुती व्यवसायाची हिशेबवही पाहिली. त्या वहीचा मालक अठरा वर्षांखालचा असेल तर काय, हा आजचा विषय.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आपला कायदा मुलाला कमवण्यापासून अडवत नाही, मुलाला करारात अडकवण्यापासून अडवतो. म्हणून पालकांनी पहिल्याच दिवशी दोन प्रश्नांची खरी उत्तरं लिहून ठेवावीत. कागदावर सही कोण करणार? आणि कमाई कोणाच्या कसबाची आहे?

सहीचा प्रश्न

१८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार सज्ञान व्यक्तीच करार करू शकते, आणि सज्ञान म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झालेली. कोलकात्यातल्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने २०,००० रुपयांच्या कर्जासाठी मालमत्ता गहाण ठेवली होती. त्यावरून झालेल्या मोहोरी बीबी खटल्यात १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ठरवलं की अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल असतो. तो निकाल आजही आधाराला धरला जातो.

त्याचा बाजारातला अर्थ साधा आहे. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याने सोळा वर्षांच्या मुलाला उधारीवर कापड दिलं आणि पैसे थकले, तर कराराच्या जोरावर त्या मुलाकडून वसुली होत नाही. हे ठाऊक असलेला व्यापारी उधारी देतच नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून माल, भाड्याची जागा, यात्रेतला स्टॉल, कुरिअरचा करार, कर्ज या सगळ्यावर आई-वडिलांनी स्वतःच्या नावाने सही करावी. जबाबदारी आपली आहे हे समजून करावी. मात्र मुलाने माल पोहोचवला आणि गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, तर मुलाच्या वतीने पालक दावा लावू शकतात.

मुंबईत २०१८ साली तेरा वर्षांच्या तिलक मेहताने डबेवाल्यांच्या मदतीने शहरात पार्सलं पोहोचवणारी ‘पेपर्स अँड पार्सल्स’ ही सेवा काढली. कल्पना त्याची होती, पण मुख्य कार्यकारी अधिकारी झाले बँकेतली नोकरी सोडून आलेले नात्यातले घनश्याम पारेख. कंपनीचा संचालक व्हायला अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात, त्यामुळे अशा उद्योगात कर्त्या माणसाला पुढे उभं राहावंच लागतं.

घरच्या भागीदारी पेढीत, समजा यंत्रमागाच्या कारखान्यात, मुलाला घ्यायचं असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ३० वाचा. अज्ञान मुलाला भागीदार करता येत नाही. सर्व भागीदारांच्या संमतीने फक्त फायद्यात वाटा देता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्याने भागीदार व्हायचं की नाही ते जाहीर सूचनेने कळवायचं असतं. तो गप्प राहिला तर आपोआप भागीदार होतो, आणि फायद्यात घेतल्या दिवसापासूनच्या पेढीच्या देण्यांना वैयक्तिकरीत्या बांधला जातो. ही तारीख घरात कुणीतरी लक्षात ठेवायलाच हवी.

चटणीचं पाकीट

खायची वस्तू विकायची तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, मग ती घरच्या स्वयंपाकघरात का बनेना. ही नोंदणी आईच्या किंवा वडिलांच्या नावाने करावी. पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तारीख, किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. यात शेंगदाणे आहेत हेही वेगळं लिहावं लागतं, कारण काहींना शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असते. आपल्याला जी चटणी रोजची, ती परगावच्या एखाद्या मुलाला दवाखान्यात पोहोचवू शकते. या ओळीत कुचराई नको.

वस्तू विक्रीसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपयांपर्यंत महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागत नाही. पण सोलापूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विजयपूर, कलबुर्गी, हैदराबाद आपल्याला जवळची वाटली तरी ती परराज्यात आहेत. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, चटणीला नाही.

कमाई कोणाची?

अज्ञान मुलाचं उत्पन्न आई किंवा वडील यांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं, हा आयकराचा नियम. मुलाच्या नावावर पैसे टाकून कर चुकवला जाऊ नये म्हणून तो केला. याला महत्त्वाचा अपवाद आहे. मुलाने स्वतः अंगमेहनतीने, किंवा स्वतःचं कौशल्य, गुण, विशेष ज्ञान वापरून कमावलेलं उत्पन्न त्याचं स्वतःचंच राहतं. १९६१ च्या कायद्यातली ही तरतूद १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे.

आता वरची उदाहरणं लावून पाहा. आरी वर्क करणाऱ्या मुलीने वर्षात १,२०,००० रुपये मिळवले तर ते तिचे. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे तिला काही भरायचं नाही. जाहिराती करणाऱ्या मुलाच्या पैशातून कुणी टीडीएस कापला असेल, तर त्याच्या नावाचं पॅन काढून पालकांनी त्याच्या वतीने रिटर्न भरावं आणि रक्कम परत मिळवावी. पण याच मुलांनी कमाई मुदत ठेवीत गुंतवली, तर ठेवीवरचं व्याज कौशल्याचं उत्पन्न ठरत नाही. ते पालकाच्या उत्पन्नात जातं. भागीदारी पेढीतून मिळालेला नुसता वाटाही तसाच.

चटणीचं गणित वेगळं. नोंदणी आईची, बिल आईचं, तर नफाही आईचा धरावा, आणि मुलीला तिच्या कामाच्या मानाने रास्त मेहनताना द्यावा. वडिलांचा टॉवेलचा चालता धंदा कागदोपत्री मुलाच्या नावे करणं मात्र सरळसरळ चूक आहे. चौकशीत पहिला प्रश्न येतो, काम कोण करतं? त्या वेळी ऑर्डरचे मेसेज, कामाचे फोटो, बिलांच्या प्रती आणि मुलाच्या खात्यात आलेले पैसे हाच पुरावा.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, बचत खातं स्वतः चालवायची मुभा दिली. कमाई त्यातच जमा होऊ द्या. आईच्या क्यूआर कोडवर सगळं आलं की कोणाचं काय, हे वर्षअखेरीला सांगता येत नाही.

गाडी आणि मदतनीस

पार्सल द्यायला मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचाच.

धंदा वाढला म्हणून शेजारची लहान मुलं कामाला लावणंही चालत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला फक्त स्वतःच्या कुटुंबाच्या उद्योगात, शाळा सांभाळून, धोका नसलेली मदत करता येते. विडी वळणं, कापड विणणं, रंगवणं ही कामं १९८६ च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात पहिल्यापासून होती. या शहरातल्या कितीतरी मुलांचं बालपण त्याच कामांत गेलं. आपल्या मुलाची हौस दुसऱ्याच्या मुलाच्या शाळेवर उभी राहू नये.

अठरा पूर्ण होताच

पॅनवर फोटो आणि सही घालून घ्या. नोंदण्या मुलाच्या नावे करायच्या असतील तर आता करा. लहानपणी केलेला करार नुसत्या ‘मला मान्य आहे’ने जिवंत होत नाही, नवा व्यवहार ठरवून नवा करार करा. या सगळ्या कागदांसाठी मुलाला सोबत न्या आणि प्रत्येक ओळ त्याला वाचायला लावा. धंदा पुढे टिकेल न टिकेल, पण सही करण्याआधी वाचायची सवय त्याला जन्मभर पुरेल.

पुढच्या भागात : घरगुती व्यवसायाचा विमा.