प्रगती काय आपोआप होते?

समाज काळाबरोबर पुढेच जात असतो, ही समजूत सुशिक्षितांच्या मनात धर्मश्रद्धेइतकीच खोल रुजलेली आहे. मानवाच्या अखंड प्रगतीचा आलेख काढणारा फ्रेंच विचारवंत काँदोर्से तो ग्रंथ लिहिताना अटकेच्या भयाने लपून बसला होता, आणि १७९४ साली क्रांतीच्याच तुरुंगात त्याचा अंत झाला. तरीही त्याची श्रद्धा जगाने उचलली. त्याच्या मरणाचा बोध मात्र घेतला नाही.

धाराशिव जिल्ह्याला हा बोध घरबसल्या मिळण्याजोगा आहे. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरच्या पेठेची नोंद आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई. आज त्या वैभवाचे अवशेष गावच्या संग्रहालयात आहेत, आणि जिल्हा २०१८ साली केंद्राच्या ‘आकांक्षित’, म्हणजेच विकासात मागे पडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत गेला.

पेठा वसतात नि उठतात. शिक्षण व विज्ञान तरी एकाच दिशेने जातात, असे यावर कोणी म्हणेल. परंतु १९९१ ते २०११ या काळात महाराष्ट्रातील साक्षरता सुमारे ६५ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेली, आणि त्याच काळात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ९४६ वरून ८९४ वर घसरली. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा याच राज्याने १९८८ साली देशात सर्वांआधी केला होता. विज्ञानाने नवे साधन दिले. इच्छा मात्र जुनीच राहिली.

मग सारे प्रयत्न व्यर्थच मानावयाचे काय? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांची दखल राज्याला घ्यावी लागली. रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसला, आणि १९७७ साली कामाचा हक्क कायद्यात आला. हे काळाने केले नाही. मजुरांच्या मोर्चांनी, विधिमंडळातील आग्रहाने आणि शिक्षक-कारकुनांच्या पगारातून कापल्या गेलेल्या पैशाने केले.

प्रगती अटळ नाही, असे मानणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. उलट, ती अटळ आहे असे मानणारा समाज कायदा होताच निर्धास्त होतो. ज्याला तो भरवसा नाही, तोच पहाऱ्यावर जागा राहतो. पुढील जनगणनेत हजार मुलग्यांमागे किती मुली मोजल्या जातील, हे काळ ठरविणार नाही. ते घराघरांतून ठरणार आहे.