दुर्मीळ सायकॅड: कुंडीत जगतो, पण बी धरतो का?

दुर्मीळ सायकॅड घरी लावला की ती जात वाचते, असं हौशी मंडळी सांगतात. त्यात निम्मंच तथ्य आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या नगोये जंगलात १८९५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वूड यांना ‘एन्सेफॅलार्टोस वुडी’चा एकच झुबका सापडला, तोही नर. सायकॅड वर्गात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि वुडीची मादी आजवर मिळालेली नाही. १८९९ साली लंडनच्या क्यू बागेत पोचलेलं झाड असो की इतर बागांतली, सगळे त्याच नराचे फुटवे. बागांनीच त्याला वाचवलं हा आक्षेप खरा. पण बी धरत नाही ते नाहीच.

खरी अडचण आपल्या घाईची आहे. सायकॅडचं खोड इतकं सावकाश वाढतं की कमरेइतकं तयार झाड हवं असणारा ग्राहक नकळत जंगलचोराचं गिऱ्हाईक होतो. म्हणूनच एन्सेफॅलार्टोसच्या सगळ्या जाती दुर्मीळ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. पश्चिम घाटातला सायकस सर्सिनॅलिसही धोक्यात आहे. तेव्हा बियांपासून वाढवलेलं दोन-तीन पानांचं रोपच घ्या. घड्याळाच्या कमानीसारख्या गुंडाळलेल्या पर्णिका उलगडताना पाहायला तेवढं पुरतं. झाडाचे सगळेच भाग, विशेषतः बिया, विषारी असतात. घरात कुत्रं असेल तर कुंडी उंचावर ठेवा.