ग्रंथ एक, अर्थ अनेक : ख्रिस्ती लोकांत बायबलवरून मतभेद का?



पंडिता रमाबाईंविषयी शिकवताना एखादं मूल सहज विचारतं, "सर, बायबल एकच आहे, तर कॅथलिक, प्रोटेस्टंट असे वेगवेगळे पंथ कशाला?" "कुणीतरी चुकीचं वाचत असेल" असं उत्तर देणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. मनापासून श्रद्धा असलेली माणसंही वेगळे अर्थ काढतात. त्याची मुख्य कारणं तीन.

१) शब्दाचा अर्थ : बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत, तर नवा करार ग्रीक भाषेत आहे. 'बाप्तिस्मा' हा शब्दच बघा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'बुडवणे'. म्हणून बॅप्टिस्ट लोक समजत्या वयात, पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. कॅथलिक पंथात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतूनही तो देतात. शिवाय कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६.

२) शब्दशः की दृष्टांत : देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, असं बायबलमध्ये आहे. काहीजण हे सहा दिवस शब्दशः धरतात. काहीजण म्हणतात, यातून 'सृष्टी देवाची आहे' एवढंच सांगायचं आहे. देवावरची श्रद्धा मात्र दोघांचीही असते.

३) अर्थ ठरवणार कोण : याचं उत्तम उदाहरण रमाबाईच आहेत. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांना गुरूच्या ठिकाणी होत्या. पण त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून दोघींत पत्रांतून मोठा वाद झाला. चर्चच्या परंपरेने लावलेला अर्थ मानावा, असं सिस्टरचं म्हणणं. आपण स्वतः बायबल वाचून, विवेकाला पटेल तेच मानू, असं रमाबाईंचं म्हणणं. दोघींपैकी ढोंगी कुणीच नव्हतं. विशेष म्हणजे, वादाची ही पत्रं सिस्टर जेराल्डिननीच जपून संकलित केली, म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायाबापड्यांनाही कळावं म्हणून त्यांनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२२ साली निधन होईपर्यंत त्या या कामात होत्या.

हे सगळं आपल्याला परकं वाटायला नको. गीता एकच, पण शंकराचार्यांनी त्यात ज्ञान व संन्यास मुख्य मानला आणि लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य'मध्ये कर्मयोग मांडला. म्हणून कुणाला आपण खोटं ठरवत नाही. हाच न्याय शेजारच्या धर्मालाही लावायला हवा.

वर्गात असा प्रश्न आला की लगेच निकाल देऊ नये. मुलांनाच तीन प्रश्न विचारावेत : मूळ शब्दाचा अर्थ काय? वाक्य शब्दशः घ्यायचं की दृष्टांत म्हणून? आणि अर्थ कोण ठरवणार? एवढं कळलं तरी "तो वेगळं मानतो, म्हणजे तो खोटा" असं मुलं चटकन म्हणणार नाहीत. घरी पालकांनीही हे करून बघावं.