धाराशिवच्या सरहद्दीवरची चार दशके

भूमहून खर्ड्यामार्गे जामखेडकडे जाणारा रस्ता बालाघाटाच्या ज्या उजाड माळांवरून जातो, त्या माळांवर १९४८ पर्यंत दोन अंमल एकमेकांस भिडलेले होते: पश्चिमेस आधी इंग्रजांचा आणि १९४७ नंतर स्वतंत्र भारताचा अहमदनगर जिल्हा आणि पूर्वेस निजामाच्या संस्थानातील उस्मानाबाद, ज्याला आज आपण पुन्हा धाराशिव म्हणतो. संस्थान गेले, करोडगिरीची नाकी उठली, दोन्ही मुलूख यथाकाल एका महाराष्ट्रात आले. परंतु अवर्षण, सावकाराचे कर्ज, जातींची उतरंड आणि बाळंतपणात दगावणाऱ्या लेकीसुना यांनी कोणत्याही दप्तरातील हद्द कधी मानली नव्हती, आणि पुढेही मानली नाही. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने अत्यल्प. तरीही ख्रिस्ती श्रद्धा माणसाला लोकांचे नेतृत्व कसे करावयास लावते, याचा उत्तम दाखला भूम तालुक्याच्या अगदी शेजारी, जामखेडात घडला. आणि १९७० पासूनच्या त्या चार दशकांचा मागोवा घेणे हे या मुलखातील माणसाचे कर्तव्य आहे, असे मी मानतो.

हा दाखला घडविणारे डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातील शिक्षक दांपत्याचे चिरंजीव, जन्म १९३४ चा; त्यांच्या पत्नी डॉ. मेबल या जबलपूरच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात नव्या कराराचे अध्यापन करणाऱ्या विद्वानाच्या कन्या. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचा परिचय झाला आणि १९६० मध्ये विवाह झाला, तोही आयुष्य ग्रामीण दीनदुबळ्यांना वाहण्याच्या संयुक्त प्रतिज्ञेसह. नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात सेवा करीत असता त्यांना एक गोष्ट अस्वस्थ करू लागली. जुलाबाने अर्धमेले झालेले जे मूल आज बरे करून पाठवावे, तेच त्याच विहिरीचे तेच पाणी पिऊन पुन्हा त्याच खाटेवर येई. रुग्णालयाच्या दारात तिष्ठत बसलेली करुणा कितीही निर्मळ असली, तरी रोगाच्या मुळाशी ती पोहोचत नाही, हे उमगल्यावर दोघे अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि परत येऊन जामखेडसारख्या आडवळणाच्या कसब्यात, गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या पडक्या इमारतीत त्यांनी कामाला आरंभ केला.

लागलीच १९७२ चा दुष्काळ आला. कूपनलिका खोदावयाच्या त्या शक्य तो दलित वस्तीत खोदाव्यात, म्हणजे पाण्यासाठी सवर्णांना तेथे यावे लागेल, असा त्यांचा बेत होता. अस्पृश्यतेवरील शेकडो व्याख्यानांनी जे साधले नसते, ते एका हातपंपाच्या जागेने काही अंशी साधले. धर्मभावना व्यवहारात किती चतुर असू शकते, याचे हे उदाहरण मला नेहमी थोर वाटत आले आहे.

परंतु या इतिहासाचा गाभा वेगळाच आहे. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात ठेवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला, कारण परक्या गावात एकटीने राहणे त्यांना जड जाई आणि गावालाही त्या आपल्या वाटत नसत. तेव्हा गावातलीच एक बाई, गावानेच निवडलेली, आरोग्यसेविका म्हणून तयार करावी असे ठरले. या बाया बहुधा निरक्षर होत्या. पुष्कळशा दलित, काही परित्यक्ता, काही विधवा. त्यांना घरात कोणी नावाने हाक मारीत नसे आणि चावडीवर उभे राहण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. त्या जामखेडला येत, एका पंगतीत जेवत, एका छपराखाली निजत, आणि बाळाचे वजन कसे करावे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, बधिर चट्ट्यावरून महारोग कसा ओळखावा, अडलेली बाळंतीण वेळेवर रुग्णालयात कशी धाडावी, हे शिकून गावी जात. डॉक्टरांची विद्या ही त्यांची मिरास असते. ती अशिक्षित स्त्रीच्या पदरात मोकळ्या हाताने टाकणे, आणि ती चुकेल या भीतीने परत न मागणे, यास जी आत्मिक पक्वता लागते, ती मला कित्येक धर्मोपदेशांहून मोठी वाटते. शिष्यांचे पाय धुणाऱ्या ख्रिस्ताचे अनुकरण याहून निराळे ते काय असणार?

यातून धर्मांतराची अपेक्षा कोणाकडून धरली गेली नाही. सेविका हिंदू राहिल्या, मुसलमान राहिल्या, बौद्ध राहिल्या. मराठी ख्रिस्ती परंपरेत हे अगदी नवे नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये स्थापिलेल्या ‘देवाचा दरबार’मध्ये बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंना स्थान होते; टिळक १९१९ मध्ये निवर्तले आणि तो दरबार अल्पायुषी ठरला, पण त्या कल्पनेचे सामाजिक रूप जामखेडला दिसले असे म्हणावयास हरकत नाही.

फळ काय मिळाले? १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. दोन दशकांत तो आकडा पंचविशीच्या आसपास आला. १९७९ मध्ये दोघांना लोकनेतृत्वासाठीचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्याचा जो पुरस्कार केला, त्यापूर्वीच जागतिक आरोग्य संघटनेने या प्रयोगाची नोंद आपल्या ग्रंथात घेतली होती.

आमच्या जिल्ह्यातही तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ या नावाने गावोगावच्या स्त्रिया तयार केल्या. ती संस्था ख्रिस्ती नव्हे, आणि तरीही हे एकाच जातीचे पुण्य होय. पुढे २००५ पासून सरकारने ‘आशा’ नेमल्या. त्या इमानेइतबारे राबतात. पण जामखेडच्या सेविकेला मिळालेली प्रतिष्ठा त्यांच्या वाट्याला पूर्णतः आलेली नाही, कारण सरकारने काम उचलले, अधिकार मात्र वरच्याच पायरीवर ठेवला. माझे हे मत कठोर असेल, पण विचारांती बनलेले आहे.

मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी काम पुढे चालविले आहे. पहिल्या तुकडीतील सेविका आता वार्धक्याला पोहोचल्या असतील. भूम-परांड्याकडील शाळा-महाविद्यालयांतील अध्यापकांनी आणि चर्चमधील तरुणांनी जामखेडला जाऊन, त्यांच्यापैकी ज्या हयात असतील त्यांच्या तोंडून ही हकीकत त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावी, आणि ते काम या वर्षीच सुरू करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.