विमानाचा फोटो काढावा, पण कुठून?

आपल्या शिरड शहापूरकडच्या बाया नांदेडमार्गे बिदरला जातात. नानक झिरा बघतात, नरसिंह झऱ्याच्या पाण्यातून जातात, मग किल्ला. किल्ल्यात उभं असताना डोक्यावर कडाड आवाज होतो आणि सगळ्यांचे मोबाईल वर जातात. म्हणून गटाच्या बैठकीत निघालेला प्रश्न आज घेते.

बिदरला भारतीय वायुदलाचा तळ आहे. लढाऊ विमान चालवायला शिकणारे वैमानिक तिथं हॉक विमानावर सराव करतात. सूर्यकिरण या कसरती पथकाचं घरही तेच. पथक 1996 साली सुरू झालं. 2011 पर्यंत ते किरण विमानं उडवायचं, आता हॉक. 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याआधी अहमदाबादच्या मैदानावर जी नऊ विमानं टीव्हीवर दिसली, ती यांचीच.

आता फोटोचं. तळ, त्याची भिंत, फाटक, धावपट्टी, उभी विमानं यांचा फोटो परवानगीशिवाय काढायचा नाही. 1923 च्या शासकीय गुपिते कायद्यात अशी जागा निषिद्ध धरली आहे. हेरगिरी सिद्ध झाली तर संरक्षणाच्या जागेबाबत चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही हेर नाही हे खरं, पण चौकशीत मोबाईल गेला की बँकेचे मेसेज, गटाचे हिशेब सगळं अडकतं. पुणे विमानतळाची धावपट्टीसुद्धा वायुदलाचीच आहे. लेकाकडं विमानानं जाणाऱ्यांनी खिडकीतून हौस करू नये.

हौस भागवायला जाहीर कार्यक्रम असतात. 2022 च्या नोव्हेंबरात नागपूरला असा झाला होता. तिथं लोकांसाठी जागा ठरलेली असते आणि आयोजक सांगतील तसे फोटो काढता येतात. ऊन पाठीवर घ्या. आवाज आला तिकडं बघू नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. विमान एक किलोमीटरवर असेल तर आवाज पोचायला तीन सेकंद लागतात, तेवढ्यात ते अर्धा किलोमीटर पुढं गेलेलं असतं. आवाजाच्या पुढं नजर टाका. बऱ्याच फोनमध्ये बटण दाबून ठेवलं की एकामागं एक फोटो निघतात. वीसातला एक चांगला निघाला तरी खूप झालं. झूम फार वाढवलं तर चिमणी की विमान कळत नाही!

ज्यांची पोरं भरती झाली, त्यांनी जास्त ध्यान द्यावं. वर्दीतला फोटो स्टेटसला ठेवायचा मोह होतो, आईला होणारच. पण फोनचं लोकेशन चालू असेल तर फोटोसोबत जागा आणि वेळही साठते. पोरगा कुठल्या तळावर आहे, कधी सुट्टीवर येतो, हे लिहू नका. फेसबुकवर ओळख नसलेलं कोणी गोड बोलून तळाचे फोटो मागायला लागलं तर पाठवू नका. आधी पोराला फोन करा. तो मेसेज मात्र पुसू नका, पोलिसांना दाखवावा लागतो.