छान विणता येतं, म्हणजे डिझाइनही जमतं?

घरातल्या सगळ्यांचे स्वेटर विणून झाले, रुखवतातल्या क्रोशाच्या तोरणाचं कौतुक झालं, की मैत्रिणी म्हणतातच, ‘आता तू डिझायनर हो.’ छान विणणारीला डिझाइन आपोआप जमतं, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज. डिझायनर विकते ती स्वेटरची लेखी कृती. नागपुरातल्या अनोळखी बाईला तुम्हाला एकही फोन न करता, नुसता तो कागद वाचून तसाच स्वेटर विणता आला पाहिजे.

म्हणून आधी नमुन्याचा चौकोन. ‘माझ्या हाताला अंदाज आहे,’ असं म्हणून अनेकजणी तो टाळतात. पण अंदाज तुमच्या हाताला आहे, वाचणारीच्या नाही. तुमचे 10 सेंमीत 20 टाके बसतात, म्हणून 100 सेंमी घेरासाठी तुम्ही 200 टाके लिहिलेत. तिचा हात घट्ट. तिचे 22 बसतात. तिचा स्वेटर 91 सेंमीचाच होणार आणि महिनाभराचं काम उसवावं लागणार. तेव्हा 15 सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा, मग मधले 10 सेंमी मोजा. धुतल्यावर माप बदलतं. जो आकडा येईल तो कृतीत सगळ्यात वर लिहा.

एक माप जमलं की बाकीची त्याच प्रमाणात वाढवायची, हेही खरं नाही. 80 सेंमीची छाती 120 केली तर ती दीडपट झाली. खांदे दीडपट होत नाहीत, बाहीची लांबी तर नाहीच. प्रत्येक मापाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्याला घाबरू नका. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव कमावलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांची पद्धत पाहा: अंगाचे टाके 100 टक्के धरायचे, मनगटाला त्यांचे साधारण 20 टक्के. शाळेतलंच गणित आहे हे.

क्रोशाची कृती इंग्रजीत लिहिणार असाल, तर अमेरिकी शब्द वापरलेत की ब्रिटिश, ते पहिल्याच पानावर सांगा. अमेरिकेतला ‘सिंगल क्रोशे’ ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ असतो. हे सांगितलं नाही, तर वाचणारीच्या प्रत्येक ओळीची उंची चुकते.

‘दुसऱ्याच्या कृतीतले चार टाके बदलले की ती माझी’ हा समज मला खरोखर टोचतो. सुलट-उलट टाके, साखळी, खांब यांवर कुणाचीच मालकी नाही. ते मनमुराद वापरा. पण कृतीचा मजकूर, आलेख, छायाचित्रं ज्याची त्याचीच असतात. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण नोंदणीशिवायही मिळतं. ते तुमच्याही कृतीला लागू आहे.

विकण्याआधी कृती दोघीतिघींकडून विणून घ्या. बहीण किंवा रोजची मैत्रीण नको; तुमचं अर्धवट वाक्यही त्या मनात पूर्ण करतात. तुमची पद्धत ठाऊक नसलेली बाई शोधा. ती जिथे अडेल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगा आणि तेवढी ओळ नव्याने लिहा.